कोरडवाहू माळावर हरणांसाठी चारा: पेरायचं काय आणि राहू द्यायचं काय

तुमचा प्रश्न मला कळला तो असा. नगर (अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या कर्जत तालुक्यात तुमची पाच एकर मुरमाड जमीन पडून आहे. पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आसपास, विहीर फेब्रुवारीतच तळ गाठते. काळविटांचा कळप रोज येतो, अधूनमधून एखाददुसरा चिंकारा दिसतो. हरभरा-ज्वारी खाल्ली म्हणून शेजारी वैतागलेले आहेत. अमेरिकेत हरणांसाठी मुद्दाम चाऱ्याचे पट्टे पेरतात हे तुम्ही व्हिडिओत पाहिलंत आणि आता विचारताय की बी कोणतं घ्यावं, पाणी किती लागेल आणि एवढं केल्यावर हरणं पिकांत जायची थांबतील का.

शेवटच्या भागाचं उत्तर आधी देतो, कारण बाकी सगळं त्यावर अवलंबून आहे. हरणं पिकांत जायची पूर्ण थांबणार नाहीत. त्यासाठीच हे करणार असाल तर पैसे वाचवा. माळ परत गवताचा व्हावा आणि कळपाला पावसाळाभर व पुढे हिवाळ्यात हक्काची जागा मिळावी, असं वाटत असेल तर पाच एकर चांगले आहेत. फक्त पीक पेरू नका, गवत येऊ द्या.

अमेरिकेतला तो प्रकार बहुतांशी शिकारीसाठी असतो. पांढऱ्या शेपटीचं हरीण हंगामात ठरावीक जागी यावं, त्याची शिंगं भरावीत, म्हणून पट्टा पेरतात. टेक्साससारख्या कोरड्या भागातही ते चालतं, कारण हरीण दोन-चार महिने आलं की मालकाचं काम झालेलं असतं. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद आहे, आणि काळवीट व चिंकारा दोन्ही पहिल्या अनुसूचीत आहेत. म्हणजे इथला प्राणी बाराही महिने तुमच्या आसपास राहणार, आणि तुम्ही लावलेली सवय त्याला बाराही महिने राहणार. चवळी-वालाचा हिरवा पट्टा तुम्ही सप्टेंबरात खाऊ घातलात तर डिसेंबरात त्याच चवीचा हरभरा शेजाऱ्याच्या रानात उभा असतो. व्हिडिओत लॅबलॅब आणि काऊपी म्हणून जी बियाणं दाखवतात, ती आपल्याकडचे वाल आणि चवळीच. परदेशी पाकीट मागवायची गरज नाही, आणि ते पेरायचीही नाही.

आता हिशेब. प्रौढ काळवीट साधारण तीस ते पस्तीस किलोचं, आणि रोज सुमारे एक किलो कोरडा चारा खातं असं धरू. तुमच्यासारख्या हलक्या जमिनीत राखलेलं चांगलं गवत हेक्टरी दीड टन कोरडा चारा देईल. बऱ्या वर्षी जास्त, दुष्काळात त्याच्या निम्मंही नाही. पाच एकर म्हणजे दोन हेक्टर, म्हणजे तीन टन. त्यातलं निम्मं जमिनीवर राहिलं पाहिजे, नाहीतर पुढच्या वर्षी गवतच येणार नाही. उरलं दीड टन. त्यात वर्षभर चार काळविटं जगतात. तुमच्याकडे कळप येतो.

हे निराश करायला सांगत नाही. रेहेकुरीचं काळवीट अभयारण्य तुमच्याच तालुक्यात आहे. १९८० साली जाहीर झालेलं ते अभयारण्य जेमतेम २.१७ चौरस किलोमीटरचं आहे, आणि तिथले कळप आजूबाजूच्या शेतांत नेहमीच चरत आलेत. एवढ्या क्षेत्रात कळप आत मावत नाही, मग पाच एकरात कुठून मावेल? एकट्याच्या तुकड्याचा उपयोग कळपाच्या फेरीतला एक चांगला मुक्काम म्हणून आहे. शेजारचं गायरान किंवा आणखी दोघांचं पडीक त्याला जोडता आलं तर मात्र चित्र बदलतं. ग्रामपंचायतीशी बोलण्यात घालवलेला महिना बियाण्याच्या पोत्यापेक्षा जास्त फळ देतो.

आता जमिनीकडे येऊ. पहिली गोष्ट: नांगर घालू नका. तुमचा माळ मोकळा दिसत असला तरी खुरट्या गवताचे ठोंब आत जिवंत असतात. गुरं सतत ओरबाडत असल्याने ती गवतं वर येत नाहीत, एवढंच. देशभरच्या गवताळ भागांची जी पाहणी १९७३ साली प्रसिद्ध झाली, तिच्यात आपलं पठार पवन्या-मारवेलाच्या पट्ट्यात येतं. हीच इथली मूळ गवतं. बारमाही आहेत, मुळं खोल जातात, आणि पावसाने महिनाभर दडी मारली तरी तग धरतात. एक पावसाळा गुरं पूर्ण बंद ठेवून पाहा. चौरस मीटरमागे दोन-चार चांगले ठोंब दिसले तर पेरणी करूच नका. दोन-तीन वर्षांत माळ आपला आपण भरतो. पूर्वी नांगराखाली असलेल्या आणि मग सोडून दिलेल्या तुकड्यातच बी लागतं. तिथे ठोंब उरलेले नसतात आणि तरोटा, गाजरगवत, रानतुळस माजलेली असते.

चराईबंदी म्हटल्यावर लोक शेजाऱ्याच्या गुरांचं बोलतात. आपल्या दोन शेळ्यांचं कुणी बोलत नाही. शेळ्या-मेंढ्यांना जून ते ऑक्टोबर आत सोडू नका. गवताला फुलोरा येऊन बी गळेपर्यंत तरी त्याला मोकळं राहू द्या. धनगरांचा वाडा तुमच्या रानात बसत असेल तर दिवाळीनंतर बसू दे. तेव्हा बी पडलेलं असतं, मेंढ्यांच्या खुरांनी ते मातीत दाबलं जातं आणि लेंड्यांचं खत मिळतं. त्यांच्याशी भांडण काढणारा माणूस माळ राखू शकत नाही, हे माझं ठाम मत आहे.

दुसरं काम वेड्या बाभळीचं, आणि सर्वांत जास्त मेहनत इथेच आहे. तिच्या शेंगा काळविटं आवडीने खातात आणि बिया लेंड्यांतून माळभर पसरवतात. नुसती तोडली तर एकाच्या जागी पाच धुमारे फुटतात. बुंध्याच्या खाली फूटभर खणून मुळासकट काढावी लागते. हिवाळ्यात मोठी झाडं काढा, पहिल्या पावसानंतर जमीन मऊ असताना रोपं हाताने उपटा, आणि हे तीन-चार वर्षं करत राहा. देशी बाभूळ, हिवर, बोर, बोराटी मात्र एकही काढू नका. हे का, ते पुढे येईल.

नवी झाडं लावू नका, हेही सांगून टाकतो, कारण कुणीतरी तुम्हाला रोपं फुकट देणारच. सोलापूर-नगर पट्ट्यात अवर्षणप्रवण क्षेत्र कार्यक्रमाखाली १९७० च्या दशकापासून अनेक माळांवर झाडं लावली गेली. हेतू चांगला होता, पण माळाला ओसाड जंगल समजलं गेलं. गिरिपुष्प, सुबाभूळ, निलगिरी दाटली की खालचं गवत जातं, आणि काळविटाला लांबवर दिसेनासं होतं. उघड्यावर पळून जीव वाचवणारा हा प्राणी दाट झाडीत थांबत नाही.

पाणी अडवण्याबद्दल. जेसीबीने सलग समतल चर खणून देतो असं सांगणारे भेटतील. उताराच्या डोंगरावर ठीक आहे. तुमच्या जवळजवळ सपाट माळावर खोल चर म्हणजे गवताची साय खरवडून काढणं, आणि वर टाकलेल्या मातीवर पहिलं उगवतं ते गाजरगवत. धावत्या कळपाला आणि पाडसांना चर अडथळाच होतो. उताराला आडव्या, पंधरा-वीस पावलांच्या अंतरावर नांगराच्या उथळ तासाच्या रेघा ओढल्या की पुरे. बी आणि वाहतं पाणी दोन्ही त्या रेघांत थांबतं, नवं गवत तिथूनच धरतं.

आता बियाणं, म्हणजे ज्याची तुम्ही सर्वांत जास्त वाट पाहत होतात.

मुरमाड, वीतभर मातीच्या जागी पवन्या आणि डोंगरी. जरा बरी, बांधालगतची, ओल धरणारी जागा असेल तिथे मारवेल. अगदी रेताड, उघड्या, कोरड्या तुकड्यात अंजन गवत. तीन-साडेतीनशे मिलिमीटर पावसातही ते टिकतं (अंजनाचा वृक्ष वेगळा, रोपवाटिकेत घोटाळा होतो). खोलगट काळ्या जागेत कुंदा आणि मोशी. कुसळी पेरायला लागत नाही, ती येतेच. कोवळी असताना हरणं ती खातात. एकदा कुसळं आली की तोंडात टोचतात, केसांत रुततात, आणि मग तिच्याकडे कुणी बघत नाही. तुमच्या माळावर कुसळीच जास्त असेल तर तो अतिचराईचा आणि वारंवार लागलेल्या आगीचा पुरावा समजा. फुलोऱ्याच्या आधी ती पट्ट्यापट्ट्याने कापली तर बाकीच्या गवतांना जागा मिळते.

सोबतीला शेंगवर्गीय काहीतरी हवं. गोकर्ण, रानमूग अशा बांधावरच्या वेली पुरतात. स्टायलोची शिफारस सर्रास होते. ते पीक कणखर आहे, जनावरांच्या कुरणाला चांगलं आहे, पण बाहेरचं आहे आणि बी पाडून पसरतं. वन्यप्राण्यांच्या माळावर मी ते घेत नाही. दीनानाथ गवतही तसंच. एका पावसाळ्यात डोक्याइतकं वाढून फोटो छान येतो, पण ते वर्षायू आहे, आणि खालच्या हळू वाढणाऱ्या पवन्याला गुदमरवतं.

पेरायची पद्धत. या गवतांचं बी हलकं आणि कुसळांचं असतं. पाभरीने पेरायला गेलात तर चाड्यातच गुंतून बसतं. एकरी दोन-अडीच किलो बी ओलसर माती आणि शेणखतात कालवा आणि तासांच्या रेघांत हाताने टाका. वरून बाभळीची एखादी फांदी ओढली की झालं. बोटाच्या पेराच्या निम्म्याहून खोल गेलं तर उगवत नाही. मुंग्या बी ओढून नेतात, हा त्रास मुरमाड माळावर फार. त्यासाठी माती, शेण आणि बी मळून चण्याएवढ्या गोळ्या करून सुकवा. मुंग्या त्यांना हात लावत नाहीत आणि वाऱ्याने उडतही नाहीत.

धूळपेरणी करावी का? मृगाच्या आधी टाकलेलं बी वळवाच्या एका सरीने उगवतं आणि नंतरच्या खंडात करपतं. तुमच्याकडे जुलै बऱ्याचदा कोरडा जातो आणि खरा पाऊस सप्टेंबरात, उत्तरा-हस्ताला येतो. म्हणून सगळं बी एकदम टाकू नका. निम्मं पहिल्या भरवशाच्या पावसावर, उरलेलं ऑगस्टअखेर. मारवेलाचे ठोंब मिळाले तर उत्तमच. जमीन चांगली भिजलेली असताना दीड फूट बाय एक फुटावर लावले तर बियापेक्षा लवकर धरतात. राहुरीच्या कृषी विद्यापीठाने मारवेलाचे सुधारित वाण काढलेत. गुरांच्या चाऱ्यासाठी ते छान आहेत, बांधावर लावा. माळावर मात्र आसपासच्याच माळाचं बी घ्या. ते इथल्याच दुष्काळांतून निवडून आलेलं असतं.

पहिल्या वर्षी तरोटा इतका येईल की बी वाया गेलं असं वाटेल. तणनाशक मारू नका. श्रावणात, फुलं येण्याआधी, मजूर लावून उपटा किंवा गुडघ्यापर्यंत कापा. मेळघाटात कोहा, कुंड, बोरी या गावांचं पुनर्वसन झालं, ताडोब्यात नवेगाव आणि जामणीचं झालं. सोडलेल्या शेतांची कुरणं करताना सगळीकडे हीच पायरी लागते: आधी तरोटा आणि रानतुळस हटवायची, बी पडू द्यायचं नाही, मग गवताला जागा होते. तिथे पाऊस तुमच्या दुप्पट आणि खाणारे चितळ-सांबर, त्यामुळे तिथली गवतं जशीच्या तशी उचलू नका. क्रम मात्र तोच. आणि निकाल तिसऱ्या पावसाळ्याआधी विचारू नका.

आता उन्हाळा, कारण पाण्याचा प्रश्न विचारताना तुमच्या मनात तोच आहे. पावसाळ्यात कोवळ्या गवतात प्रथिनं आठ-दहा टक्के असतात. मार्चनंतर वाळलेल्या काडीत ती तीन-चार टक्क्यांवर येतात. रवंथ करणाऱ्या प्राण्याच्या पोटातले जीवाणू नीट काम करायला साधारण सात टक्के लागतात. म्हणजे उन्हाळ्यात नुसतं वाळलं गवत भरपूर असलं तरी पोट भरतं, अंगी लागत नाही. ही तूट भरून निघते ती बाभळी-हिवराच्या शेंगांनी आणि बोरीच्या पाल्याने. चिंकारा तर मुळातच पाला आणि शेंगा खाणारा. गवतावर त्याची फारशी भिस्त नसते, आणि पाण्याशिवायही तो बरेच दिवस काढतो. म्हणून वर म्हटलं की ओढ्याकाठची हिवर-बाभूळ आणि बोराटीची जाळी राखा. एप्रिल-मेमध्ये तुमच्या पाच एकरांतला खरा चारा तोच आहे, आणि त्यासाठी पेरणी-पाणी काही लागत नाही. जंगलाच्या कडेला असणाऱ्यांच्या बाबतीत ही जागा मोह आणि पळस घेतात. वानरं झाडावरून पाला आणि फळं पाडतात आणि चितळ खाली गोळा होतात.

विहिरीच्या पाण्याने उन्हाळ्यात हिरवा पट्टा ठेवायचा विचार असेल तर सोडा. आजूबाजूला सगळं पिवळं असताना अर्धा एकर हिरवा ठेवला की दहा मैलांतले सगळे तिथे येतात, त्यांच्यामागे भटकी कुत्री येतात, आणि कुत्र्यांमागे कधीकधी वाघर, म्हणजे शिकारीचं जाळं, घेऊन माणसंही. माळावरच्या काळविटांना आज भटक्या कुत्र्यांचा फार मोठा धोका आहे, पाडसांना तर सर्वांत जास्त. गावाच्या उकिरड्यावर कुत्री पोसली जात असतील तर तुमच्या गवताचा फायदा त्यांनाच होईल. धान्याचे ढीग, मिठाचे खडे, पेंड, यांतलं काहीही ठेवू नका. अचानक धान्य खाल्लं की रवंथ करणाऱ्याचं पोट आंबतं, आणि एका जागी गर्दी झाली की रोग पसरतो. चाऱ्याची ज्वारी तर नकोच: पाण्याच्या ताणात खुरटलेली कोवळी ज्वारी खाऊन गुरं दगावतात हे तुम्हाला मी सांगायला नको. काही पेरल्याशिवाय चैनच पडत नसेल तर मधल्या एका पट्टीत हुलगा किंवा मटकी फेका. शेजाऱ्याच्या बांधाला लागून नको.

पाणवठा करायचा तर उथळ, बशीसारखा, सगळीकडून उतार असलेला, म्हणजे पाडसू आत पडलं तरी चालत बाहेर येईल. एकदा सुरू केला की पहिल्या पावसापर्यंत भरत राहायचं. मे महिन्यात टँकर परवडत नाही म्हणून बंद केला तर न केलेला बरा. त्यापेक्षा विहिरीला कठडा नसेल तर तो आधी बांधा. उघड्या विहिरीत पडून मरणारी हरणं दर उन्हाळ्यात दिसतात. काटेरी तार असेल तर काढा, आणि कुंपणात वीज सोडण्याचा विचार शेजाऱ्याच्या डोक्यात असेल तर त्याला त्याच दिवशी थांबवा. तो गुन्हा आहे, आणि त्यात माणसंही मेलीत.

शेजाऱ्यांच्या नुकसानीवर. थंडीत माळ पिवळा होत जातो तेव्हा हरभऱ्याच्या कोवळ्या शेंड्याशी कोणतंच गवत स्पर्धा करू शकत नाही. थोडा उपाय असा की सप्टेंबरअखेर माळाचा तिसरा हिस्सा कापायचा. शिल्लक ओलीवर तिथे कोवळा फुटवा येतो आणि कळप नोव्हेंबरपर्यंत बराचसा त्यावर रमतो. कापलेल्या पेंढ्या विकून मजुरी निघते. बाकीचं उभं ठेवा, कारण काळविटाची मादी पिल्लू पहिले काही दिवस उंच गवतातच दडवून ठेवते. आणि माळाला लागून असलेल्या हरभऱ्याच्या कडेने करडईच्या चार-सहा ओळी, जुन्या माणसांसारख्या. काटे धरल्यावर करडई बऱ्यापैकी अडवते, वर तेलही देते. उरलेल्या नुकसानीसाठी वन विभागाची भरपाई आहे. खाल्लेलं पीक तसंच ठेवून लगेच वनरक्षकाला कळवायचं आणि पंचनामा करून घ्यायचा. शेजाऱ्याचा अर्ज तुम्ही स्वतः भरून दिलात तर तुमच्या माळाबद्दलची त्याची तक्रार निम्मी होते.

आग हा शेवटचा मुद्दा. राखलेलं गवत फेब्रुवारीत वाळून उभं असतं आणि एक बिडी पुरते. डिसेंबरात कडेने दहा-बारा फुटांची जाळरेषा साफ करा, आणि पाच एकरांचे मधून दोन भाग करा. 'जाळलं की गवत चांगलं येतं' हे ऐकायला मिळेल. दरवर्षी जाळलेल्या माळावर शेवटी कुसळीच उरते.

सध्या दिवाळी उलटली आहे, म्हणजे पेरणीला सात महिने असले तरी बी गोळा करायचे दिवस हेच. पवन्या आणि डोंगरीचं बी आता गळायला आलंय. रेल्वेच्या कडेला, जुन्या कब्रस्तानात, देवाच्या माळावर, जिथे गुरं जात नाहीत तिथे फिरा. तुरा हातात धरून ओढला आणि बी सहज सुटलं तर पक्कं. जोर लावावा लागला तर आठवडाभर थांबा. सावलीत वाळवून सुती पोत्यात, उंदरांपासून वर टांगून ठेवा. ताजं बी लगेच उगवत नाही, काही महिने मुरावं लागतं, त्यामुळे घाईने पाणी देऊन चाचणी घेऊ नका. मे महिन्यात शंभर दाणे ओल्या गोणपाटात ठेवून पाहा; पंचवीस-तीस उगवले तरी या गवतांसाठी ते चांगलं बी आहे, फक्त एकरी माप थोडं वाढवा.